'पीव्हीडी' म्हणजे नक्की कुठला पाय?

डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात पुष्कळदा तीनच अक्षरं असतात: पीव्हीडी. पूर्ण नाव पेरिफेरल व्हॅस्क्युलर डिसीज. घरचे विचारतात, हे काय? कोणीतरी सांगतं, "पायांतल्या शिरांचं दुखणं." गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण हे दुखणं बहुतेक वेळा शिरांचं नसून धमन्यांचं असतं. (धमन्या हृदयाकडून पायाला रक्त पोचवतात, शिरा ते परत नेतात.) आणि तेच कार्ड जेव्हा रेकॉर्ड विभागात कोडिंगसाठी, म्हणजे निदानाला ठरलेला अक्षर-आकड्यांचा कोड द्यायला येतं, तेव्हा कोडरही अडतो. कुठला पाय? किती पुढे गेलेला आजार? मधुमेह आहे का? कार्ड गप्प.

हा लेख दोघांसाठी आहे: घरात असा रुग्ण असलेल्यांसाठी, आणि बी.एस्सी. किंवा बी.फार्म. करून मेडिकल कोडिंगकडे वळलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींसाठी. आजार समजल्याशिवाय कोड समजत नाही, म्हणून आधी आजार.

गोव्यात हा विषय दूरचा नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडिॲब या मधुमेहाच्या अभ्यासाचे देशभराचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. पायाच्या धमन्या बिघडवणारी दोन मोठी कारणं म्हणजे तंबाखू आणि मधुमेह. त्यांच्या जोडीला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वय आणि मूत्रपिंडाचा जुना आजार.

घडतं असं. धमनीच्या आतल्या अस्तरात चरबी, पेशी आणि कॅल्शियमचे थर साचतात. यालाच अथेरोस्क्लेरोसिस म्हणतात. वाट अरुंद होते. माणूस बसलेला असताना पोटरीला लागणारं रक्त तेवढ्या वाटेतूनही पुरतं. पण पणजीत आल्तिनोचा चढ चढायला लागलं की स्नायूंची मागणी वाढते, पुरवठा वाढत नाही, आणि पोटरी भरून येते, गोळा आल्यासारखं होतं. माणूस थांबतो, दोन-चार मिनिटांत दुखणं जातं, पुन्हा तेवढंच अंतर चालल्यावर पुन्हा येतं. याला इंटरमिटंट क्लॉडिकेशन म्हणतात. आपल्याकडे याला 'वात' म्हणून तेल चोळलं जातं, नाहीतर "वय झालं" म्हणून सोडून दिलं जातं. कित्येकांना तर हेही होत नाही. जो माणूस फारसा चालतच नाही, त्याला चालताना दुखणार कसं? त्याचा आजार थेट जखमेच्या रूपानेच समोर येतो.

दुखण्याच्या जागेवरून अडथळा कुठे असेल याचा अंदाज येतो. दुखणं पोटरीत असेल तर बहुधा मांडीतली धमनी. कुल्ल्यात आणि मांडीत असेल तर त्याहून वर, पोटातून पायांकडे जाणारी धमनी. मधुमेहात मात्र गुडघ्याखालच्या बारीक धमन्या जास्त बिघडतात.

पाठीच्या कण्यात नस दबली तरीही चालताना पाय दुखतात. फरक ओळखायला एक सोपी विचारपूस आहे. नुसतं उभं राहून आराम पडतो, की बसावं, पुढे वाकावं लागतं? उभ्या-उभ्या आराम पडला तर धमनीचा संशय घ्यायचा. वाकल्याशिवाय सुटका होत नसेल तर कण्याचा.

शिरांचं दुखणं आणखी निराळं. ओट्यापाशी, दुकानात, बाजारात तासन्‌तास उभं राहणाऱ्यांच्या पायावर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा दिसतात. संध्याकाळी पाय सुजतो, जड होतो, उशीवर ठेवला की बरं वाटतं. यात जखम झाली तर ती बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला होते. धमनीच्या आजारात उलटं चित्र दिसतं: पाय थंड, कातडी चकचकीत, केस गळालेले, जखम बोटांच्या टोकाला किंवा टाचेवर. पाय वर घेतला की दुखतो, खाटेवरून खाली सोडला की बरा वाटतो. हा फरक घरच्यांनी लक्षात ठेवावा असं मला फार वाटतं, कारण शिरांच्या त्रासावर घट्ट मोजे देतात आणि धमनी बरीच बंद असलेल्या पायावर तेच मोजे घातले तर उरलंसुरलं रक्तही अडतं. शेजारणीला फायदा झाला म्हणून फार्मसीतून मोजे आणू नयेत. आधी पायाचा रक्तदाब मोजून घ्यावा.

हो, पायाचा रक्तदाब. या आजाराची पहिली तपासणी तीच आणि ती अगदी साधी. घोट्याजवळचा दाब भागिले दंडाचा दाब. या गुणोत्तराला एबीआय म्हणतात. १.०० ते १.४० सामान्य, ०.९१ ते ०.९९ सीमेवरचं, ०.९० किंवा त्याहून कमी म्हणजे आजार. पण १.४० च्या वर गेलं तर खूश व्हायचं कारण नाही. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात धमनीची भिंत कॅल्शियमने इतकी कडक होते की पट्टा आवळूनही ती दबत नाही आणि आकडा खोटा मोठा येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब घेतात. पुढे डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह बघणं, आणि शस्त्रक्रियेचा किंवा अँजिओप्लास्टीचा (फुग्याने धमनी उघडण्याचा) विचार असेल तर अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचं चित्र.

आजाराच्या पायऱ्या कोडरने पाठच कराव्यात, कारण कोडची रचना त्यांच्यावरच उभी आहे. लक्षणं नाहीत, मग चालताना दुखणं, मग बसल्या जागी, विशेषतः रात्री अंथरुणात पाऊल दुखणं, मग न भरणारी जखम, मग बोट काळं पडणं, म्हणजे गँग्रीन. शेवटच्या तिन्हींत पायच धोक्यात असतो. एक प्रकार या पायऱ्यांच्या बाहेरचा. गुठळी अडकून पाय अचानक पांढरा, थंड, बधिर पडला, प्रचंड दुखू लागला, हलेना, तर ती काही तासांची लढाई असते. तेव्हा सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. त्याचा कोडही वेगळा, आय७४ च्या घरातला. (कोडचं पहिलं अक्षर पडद्यावर रोमन असतं, इथे देवनागरीत लिहितेय.)

उपचारांत सिगारेट-बिडी बंद करणं पहिलं. तिशी-चाळिशीतल्या, तंबाखू ओढणाऱ्या माणसांत ब्युर्जर नावाचा धमन्यांचा वेगळाच आजार दिसतो. त्याचा कोड आय७३.१ आणि त्याच्यावर तंबाखू सोडण्याइतका दुसरा इलाज नाही. बाकी कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, गुठळी होऊ न देणारं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणं, आणि चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आठवड्यातून निदान तीनदा, अर्धा-पाऊण तास, किमान बारा आठवडे. डॉक्टरांच्या सल्ल्याने केलं तर चालण्याचं अंतर खरोखर वाढतं. उघडी जखम असलेल्याने मात्र हा प्रयोग आपला आपण करू नये.

आणखी एक, खास आपल्याकडचं. मे महिन्यात भर दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी चालताना ज्याला चटका जाणवत नाही, तो माणूस काटक आहे असं समजू नका. मधुमेहाने त्याच्या पायाची जाणीव गेलेली असू शकते. फोड येतो, कळत नाही, आणि खाली रक्तच पोचत नसेल तर तो भरत नाही. देवदर्शन सकाळी करावं. पंढरपूरच्या वारीला पायी निघणाऱ्या मधुमेहींनी आधी पाय तपासून घ्यावेत आणि रोज मुक्कामाला पोचल्यावर तळवे कोणाकडून तरी बघून घ्यावेत.

आता कोड. कोड म्हणजे निदानाचा पत्ता, असं मी नव्या मुलांना सांगते. आय७३.९, म्हणजे 'पेरिफेरल व्हॅस्क्युलर डिसीज, अनिर्दिष्ट', हा पाकिटावर नुसतं 'गोवा' लिहिण्यासारखा आहे. तालुका नाही, गाव नाही, वाडा नाही. डॉक्टरांनी फक्त 'पीव्हीडी' लिहिलं असेल तर कोडरला हाच द्यावा लागतो. त्यात कोडरचा दोष नाही. पण डॉक्टरांनी अथेरोस्क्लेरोसिस म्हटलं असेल आणि तरी कोणी आय७३.९ दिला, तर ती चूक. त्या कोडखालीच सूचना आहे की हातापायांच्या अथेरोस्क्लेरोसिससाठी आय७० कडे जा. दोन्ही एकत्र लावायचे नसतात.

इथे एक खुलासा हवा, कारण नव्या मुलांची इथे हमखास गल्लत होते. हे कोड येतात आयसीडीतून, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून. अमेरिकन रुग्णांचं काम करणारे आयसीडी-१०-सीएम वापरतात. तो अमेरिकेचा स्वतःचा अवतार, तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू, दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती. आपल्याकडची हॉस्पिटलं जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० वापरतात. या मूळ आयसीडीत पायाच्या धमन्यांच्या अथेरोस्क्लेरोसिसला आय७०.२ एवढाच पत्ता आहे, फार तर गँग्रीन आहे की नाही हे सांगणारा एक जादा आकडा. डावा-उजवा तिथे नाही. अमेरिकन अवतारात हाच आय७०.२ फुटून डझनावारी कोड होतात.

समजा, डिचोलीचे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांचं उदाहरण आपण अमेरिकन पद्धतीने कोड करू. पहिल्या भेटीत डॉक्टर लिहितात: दोन्ही पायांत अथेरोस्क्लेरोसिस, चालताना पोटऱ्या दुखतात. कोड आय७०.२१३. यातला '२१' म्हणजे क्लॉडिकेशन, शेवटचा ३ म्हणजे दोन्ही पाय; १ असता तर उजवा, २ असता तर डावा. चालताना दुखण्याऐवजी बसल्या जागी दुखत असतं तर '२१' च्या जागी '२२' आला असता.

मास्तरांना टाइप २ मधुमेह आहे. आता पहिला कोड ई११.५१: मधुमेह, सोबत पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार, गँग्रीन नाही. त्याच्या मागोमाग आय७०.२१३, कारण ई११.५१ मध्ये कुठला पाय आणि कुठली पायरी हे येत नाही. नवखे कोडर विचारतात, "डॉक्टरांनी 'मधुमेहामुळे' असं कुठे लिहिलंय?" लिहायची गरज नाही. अमेरिकन नियमावलीत मधुमेह आणि पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार यांचा संबंध गृहीत धरलेला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट नाकारला तरच तो तुटतो. याच नियमामुळे 'मधुमेह आणि पीव्हीडी' एवढ्याच नोंदीवरसुद्धा आय७३.९ ऐवजी ई११.५१ लागतो. इन्सुलिन घेत असतील तर झेड७९.४, गोळ्या असतील तर झेड७९.८४, तंबाखू चालू असेल तर त्याचाही कोड.

सहा महिन्यांनी डाव्या अंगठ्याला जखम होते, खालची चरबी दिसू लागते. आता डावा पाय आय७०.२४५ वर जातो: डाव्या पायाचा अथेरोस्क्लेरोसिस, पावलाच्या इतर भागावर अल्सर (न भरणारी जखम). घोटा असता तर शेवटी ३, टाच असती तर ४. डाव्या पायाचं क्लॉडिकेशन आता वेगळं लिहायचं नाही, ते याच कोडमध्ये सामावतं. पण उजवा पाय अजून चालतानाच दुखतो, त्यामुळे आय७०.२११ स्वतंत्र द्यावा लागतो. हा उजवा पाय कोडर हटकून विसरतात. जखम किती खोल हे सांगायला एल९७.५२२, आणि मधुमेही पायाच्या अल्सरचा ई११.६२१. मास्तर तेच, निदानाचं नाव तेच, पण कोडचा संच सगळाच बदलला.

अंगठा काळा पडला तर ई११.५१ च्या जागी ई११.५२, आणि डाव्या पायाला आय७०.२६२. अंगठा काढला की पुढच्या भेटींपासून झेड८९.४१२, म्हणजे डावा अंगठा नाही. धमनी पूर्ण बंद असून ती जुनी गोष्ट असेल तर आय७०.९२ जोडायचा, पण आय७०.२ च्या मागे. पूर्वी बायपास झाली असेल आणि आजार त्या बायपासच्या नळीत असेल तर आय७०.३ ते आय७०.७ हे वेगळं दालन, आय७०.२ फक्त मूळच्या धमन्यांसाठी.

व्हेरिकोज व्हेन्सचा इथे काही संबंध नाही, त्या आय८३ मध्ये. 'पीव्हीडी' या ढिल्या नावाखाली काही डॉक्टर शिरांचे आजारही लिहून मोकळे होतात आणि मग फुगलेल्या शिरांच्या रुग्णाच्या माथी आय७३.९ बसतो. माझं मत विचाराल तर हे नावच कागदावरून हद्दपार करावं. धमनीचा आजार असेल तर धमनी म्हणा, शिरेचा असेल तर शीर.

कोडरने काय करू नये, हेही महत्त्वाचं. फाइलमध्ये एबीआय ०.६ दिसला म्हणून आपण निदान लावायचं नाही. डॉप्लरच्या रिपोर्टात 'प्लाक' (धमनीत साचलेला थर) शब्द दिसला तरी नाही. निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांचंच. शंका असेल तर लेखी विचारायचं, आणि प्रश्न असा हवा की उत्तर आपण त्यांच्या तोंडात घालत नाही. "डाव्या पायात गँग्रीन आहे असं लिहाल का?" हा चुकीचा प्रश्न. "डाव्या अंगठ्याचा रंग काळा असल्याची नोंद आहे, याचं निदान काय, कृपया स्पष्ट करावं" हा बरोबर.

अमेरिकेत या कोडांमागे पैसाही फिरतो. तिथल्या मेडिकेअर ॲडव्हांटेज विम्यात, म्हणजे मुख्यतः वयस्कांसाठीच्या सरकारी विम्याच्या खाजगी कंपन्या चालवतात त्या प्रकारात, रुग्ण जितका आजारी दिसतो, तितकी जास्त रक्कम सरकार विमा कंपनीला देतं. बरीच वर्षं आय७३.९ नेही ही रक्कम वाढायची. साहजिकच ज्यांना काही त्रास नाही अशा वयस्कांचे पाय घरी जाऊन तपासण्याचा धंदा जोरात चालला. २०२४ पासून तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने आणलेल्या नव्या गणितातून आय७३.९ वगळला, अल्सर आणि गँग्रीनचे कोड मात्र राहिले. वगळला ते बरंच झालं, असं मी म्हणेन.

आपल्याकडे कोडचा सामना होतो तो विम्याच्या दाव्यात. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या फॉर्मच्या हॉस्पिटलने भरायच्या भागात मुख्य निदान, जोडीची निदानं आणि आधीपासूनचे आजार यांच्या आयसीडी-१० कोडसाठी रकाने आहेत. नातेवाइकांकडून कधीकधी विनंती येते: "मधुमेह नका लिहू, क्लेम अडेल." मधुमेह लपवून गँग्रीनचा दावा पाठवला तर तपासणारा पहिला प्रश्न मधुमेहाचाच विचारतो, आणि लपवल्याचं सिद्ध झालं तर पॉलिसीच धोक्यात येते. त्यापेक्षा हे माहीत करून घ्या की आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने केली आहे. आधी ती ४८ होती. पॉलिसी जुनी असेल तर मधुमेह लिहिल्याने बहुधा काही बिघडत नाही. डिस्चार्ज घेताना मात्र कार्डावर कुठला पाय, जखम आहे की नाही, मधुमेह किती वर्षांचा, या गोष्टी शब्दांत लिहून मागाव्यात. आपल्या आयसीडीत डाव्या-उजव्याला आकडा नाही, म्हणून तर हे शब्द जास्त मोलाचे. 'डावा' लिहायचं राहिलं आणि बिलात डाव्या पायाची अँजिओप्लास्टी आली की पत्रव्यवहार सुरू होतो.

राहता राहिला मृत्यूच्या कारणाचा दाखला. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर डॉक्टर फॉर्म ४ भरतात, घरी झाला तर ४-ए. त्यात वरच्या ओळीत थेट कारण येतं आणि खालच्या ओळींत ते ज्याच्यामुळे झालं ते, असं उतरत मुळापर्यंत जायचं. पायाच्या गँग्रीनमधून सेप्सिस (जंतुसंसर्गाने सगळ्या शरीरावर होणारा जीवघेणा परिणाम) होऊन माणूस गेला तर वर सेप्सिस, त्याखाली डाव्या पावलाचं गँग्रीन, सगळ्यात खाली टाइप २ मधुमेह. आकडेवारीत मोजला जातो तो तळाचा आजार, मूळ आयसीडी-१० प्रमाणे ई११.५. वरच्या ओळीत 'हृदयक्रिया बंद पडली' एवढंच लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या, तर तो मृत्यू मधुमेहाच्या हिशेबात येतच नाही. फॉर्मवर छापलेलंच असतं की मरण कसं आलं ते नको, कशाने आलं ते लिहा.